पाइपची कड काळी का पडते? काजळी कशी काढायची आणि कुठे थांबायचं

आजोबांच्या कपाटात सापडलेला पाइप असो, जुन्या बाजारातून आणलेला असो की रोजच्या वापरातला, पहिली नजर जाते ती त्याच्या काळ्या पडलेल्या कडेवर. बाकी लाकूड तांबूस आणि चकचकीत दिसतं, वरचं वर्तुळ मात्र डांबर फासल्यासारखं. मग कुणीतरी पॉलिश पेपर हातात घेतो आणि दहा मिनिटांत कड लख्ख करतो. त्याबरोबर पाइपचा मूळ आकार, रंग आणि बहुतेक वेळा त्याची किंमतही कमी होते.

हे नुकसान टाळता येतं, कारण कडेवरचा काळेपणा दोन प्रकारचा असतो. स्वयंपाकघरातलं उदाहरण घेतलं तर फरक लगेच कळेल. चुलीवरच्या पातेल्याच्या बुडाला धरलेली काजळी घासली की निघते आणि पातेलं होतं तसं राहतं. पण लाकडी लाटणं गॅसच्या आचेला लागून करपलं, तर तो काळा डाग घासताना लाटणंच झिजतं. पाइपच्या कडेवर या दोन्ही गोष्टी होतात आणि दिसायला त्या सारख्याच असतात. हात लावण्याआधी आपल्यासमोर नेमकं काय आहे हे ओळखणं, ही सफाईतली सर्वांत महत्त्वाची पायरी आहे.

कड म्हणजे कोणता भाग?

पाइपमध्ये तंबाखू भरायची जी वाटी असते, तिला बाउल म्हणतात. या वाटीचा वरचा काठ म्हणजे कड, इंग्रजी शब्द वापरायचा तर रिम. वाटीपासून निघणारा लाकडी दांडा आणि त्याला जोडलेली तोंडात धरायची नळी, हे बाकीचे दोन भाग. नळी बहुधा एबोनाइटची, म्हणजे कडक केलेल्या रबराची, किंवा अ‍ॅक्रिलिकची असते.

लाकडी पाइप बहुतांशी ब्रायरचे असतात. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशात वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या बुंध्याशी, जमिनीलगत तयार होणारी गाठ. वणव्यात झुडूप जळालं तरी या गाठीतून पुन्हा फुटवे येतात. ही गाठ कापून कित्येक तास पाण्यात उकळतात आणि मग महिनोन्‌महिने सुकवतात. त्यामुळे लाकडातला रस निघून जातो आणि ते घट्ट, उष्णता सोसणारं बनतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून फ्रान्समधलं सॅं-क्लोद हे गाव ब्रायर पाइपांसाठी ओळखलं जाऊ लागलं.

ब्रायर उष्णता सोसतं, पण शेवटी ते लाकूडच आहे. वाटीच्या आतल्या बाजूला वापरासोबत कार्बनचा एक थर बसतो आणि तो लाकडाचं रक्षण करतो. कडेला असं कवच नसतं. ज्योत, धूर आणि हवा हे तिन्ही तिथे थेट लाकडाला भिडतात.

काळेपणा येतो कुठून?

पहिला प्रकार टारचा. तंबाखू जळताना निघणाऱ्या धुरात काजळी, बाष्प आणि चिकट टार असतो. धूर वाटीतून वर येतो, तुलनेने थंड कडेला लागतो आणि त्याचा पातळ थर तिथे बसतो. एका वापरात तो दिसतही नाही. मात्र पुसला नाही तर थरावर थर चढत जातो आणि काही महिन्यांत कडेवर काळं, चकचकीत किंवा खवल्यांसारखं कवच तयार होतं. लाकूड त्याखाली शाबूत असतं.

दुसरा प्रकार करपण्याचा. काडीची किंवा लायटरची ज्योत कडेला लागली की लाकूड भाजलं जातं. साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास लाकडाचा कोळसा होऊ लागतो आणि ज्योतीचं तापमान त्याहून कितीतरी जास्त असतं. एकदा कोळसा झालेलं लाकूड पुन्हा लाकूड होत नाही.

बहुतेक जुन्या पाइपांवर हे दोन्ही एकत्र आढळतात. वर टारचा थर आणि त्याखाली एका बाजूला करपलेला भाग. म्हणून आधी टार काढायचा आणि मगच खरं नुकसान किती आहे ते मोजायचं, हा क्रम पाळावा लागतो.

फरक कसा ओळखायचा?

• कापसाची काडी कोमट पाण्यात किंचित ओली करून कडेवर एकाच ठिकाणी हलकेच फिरवावी. काडीवर पिवळट-तपकिरी किंवा काळा डाग आला आणि खालचा भाग थोडा उजळला, तर तो टार आहे.

• दोन-तीन काड्या स्वच्छ निघाल्या, तरी लाकूड काळंच राहिलं, तर ते करपलेलं असण्याची शक्यता जास्त.

• बोटाने चाचपून पाहावं. टारचा थर उंचवट्यासारखा, चिकट किंवा खरबरीत लागतो. करपलेला भाग बहुधा खोलगट किंवा झिजलेला लागतो. विशेषतः आतली गोल धार तिथे वाकडी झालेली दिसते.

• काळेपणा सगळीकडे सारखा पसरला असेल, तर टारचा संशय घ्यावा. एकाच बाजूला गडद असेल, तर ज्योतीचा.

• काडीवर लालसर किंवा गडद तपकिरी रंग आला, तर थांबावं. तो कारखान्यात दिलेला रंग असू शकतो. आधी दांड्याखालच्या न दिसणाऱ्या जागी ओली काडी लावून खात्री करून घ्यावी.

कड पाहून माणूस ओळखणारा गुप्तहेर

एकाच बाजूच्या काळेपणाचा सगळ्यात प्रसिद्ध अभ्यास एका कथेत आहे. आर्थर कॉनन डॉयल यांच्या ‘द यलो फेस’ या १८९३ मधल्या कथेत एक माणूस शेरलॉक होम्सला भेटायला येतो आणि त्याचा ब्रायरचा पाइप तिथेच विसरून जातो. होम्स त्या पाइपवरून मालकाविषयी बरंच काही सांगतो. पाइप एका बाजूने पार करपला आहे, म्हणजे मालक काडीऐवजी दिव्यावर किंवा गॅसच्या ज्योतीवर पाइप पेटवतो. करपलेली बाजू उजवी आहे, म्हणजे तो डावखुरा असावा, कारण उजव्या हाताचा माणूस सहजपणे पाइपची डावी बाजू ज्योतीकडे धरतो. शिवाय पाइप दोनदा चांदीच्या पट्ट्या बसवून दुरुस्त केला आहे. नवा घेण्याऐवजी इतका खर्च केला, म्हणजे मालकाचा त्याच्यावर फार जीव आहे, असा त्याचा निष्कर्ष.

कथेतलं हे निरीक्षण प्रत्यक्षातही उपयोगी पडतं. आपल्या पाइपची कड कुठल्या बाजूला जास्त काळी आहे ते पाहिलं, तर ज्योत कुठे चुकतेय हे समजतं. वारसाने आलेल्या पाइपवर तोच डाग आधीच्या मालकाच्या हाताची सवय सांगतो. अशा वेळी तो पूर्णपणे पुसून टाकायचा का, याचाही एकदा विचार करावा.

काळेपणा येऊ नये म्हणून

काठोकाठ भरू नये. तंबाखू पेटताना फुगते. ती कडेच्या वर आली, तर निखारा आणि ज्योत थेट लाकडाला लागतात. वरच्या बाजूने काही मिलिमीटर जागा मोकळी सोडावी.

दोनदा पेटवावं. पहिल्यांदा ज्योत वरून गोल फिरवून तंबाखूचा वरचा थर फक्त भाजून घ्यायचा. तो फुगला की टॅम्परने, म्हणजे दाबणीने, हलकेच दाबायचा आणि मग दुसऱ्यांदा नीट पेटवायचं. यामुळे निखारा मध्यभागी राहतो आणि पुन्हापुन्हा पेटवावं लागत नाही.

ज्योत मध्यभागी धरावी. काडी वापरत असाल तर तिचा गुल पूर्ण जळून जाऊ द्यावा आणि मगच ती वाटीवर न्यावी. हलका झुरका घेतला की ज्योत आपोआप खाली, तंबाखूकडे ओढली जाते. ज्योत आडवी होऊन कडेवर चाटत असेल, तर काडी चुकीच्या जागी आहे किंवा वारा आहे. उघड्यावर, वाऱ्यात पेटवलेल्या पाइपांची कड लवकर करपते.

जेट लायटर टाळावा. त्याची ज्योत अरुंद आणि जोरकस असते आणि सगळी उष्णता एकाच जागी एकवटते. सिगारसाठी ती सोयीची असली तरी लाकडी कडेवर ती क्षणात डाग पाडते. पाइपसाठीच्या लायटरमध्ये मऊ ज्योत बाजूला किंवा तिरकी निघते, त्यामुळे लायटर उलटा करावा लागत नाही.

अर्ध्या वाटीनंतर जपावं. बहुतेक कडा इथेच करपतात. तंबाखू खाली गेलेली असते, निखारा विझतो आणि पुन्हा पेटवताना ज्योतीला कडेवरून आत वळावं लागतं. अशा वेळी आधी राख हलकेच दाबावी, ज्योत थेट मध्यावर आणावी आणि दोन-तीन सेकंदांत काम झालं नाही तर ती बाजूला घ्यावी. तळाशी उरलेली ओली तंबाखू हट्टाने पेटवत बसण्यापेक्षा ती काढून टाकलेली बरी.

तंबाखू फार ओली नसावी. ओली तंबाखू सारखी विझते. जितक्या वेळा पेटवावं लागेल, तितक्या वेळा कडेजवळ ज्योत येते. भरण्याआधी ती थोडा वेळ मोकळ्या हवेत पसरून ठेवली, तर हा त्रास कमी होतो.

राख पाडण्यासाठी कड ठोकू नये. रक्षापात्राच्या काठावर पाइप आपटला की कडेला खोचा पडतात आणि त्या खोचांमध्ये टार साचतो. राख टॅम्परच्या टोकाने सैल करून ओतावी.

रोजची सफाई: एक मिनिटाचं काम

वापर झाल्यावर पाइप कोमट होऊ द्यावा. टार अजून मऊ असतो. जुन्या बनियनचा किंवा तसाच मऊ सुती तुकडा किंचित ओला करून कडेवरून दोन-तीनदा फिरवावा आणि लगेच कोरड्या कापडाने पुसून घ्यावं. एवढं नियमित केलं, तर कडेवर जाड थर बसतच नाही. पाइप गरम असताना नळी मात्र ओढून काढू नये. तापलेल्या सांध्यात ती सैल होते किंवा दांडा चिरतो.

आत बसणारा कार्बनचा थर पूर्ण काढायचा नसतो. तो साधारण एक ते दीड मिलिमीटर असावा. त्याहून जाड झाला, तर तापल्यावर तो आणि लाकूड वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात आणि वाटीला तडा जाऊ शकतो. जादा थर काढण्यासाठी रीमर नावाचं हत्यार मिळतं. खिशातल्या चाकूने खरवडताना आतली धार हमखास कापली जाते आणि मग कड कितीही स्वच्छ असली तरी वाकडी दिसते.

जुना थर कसा काढावा?

१. पाइप पूर्ण थंड आणि कोरडा असावा. वाटीत कापसाचा बोळा घालून ठेवावा, म्हणजे पाणी आत जाणार नाही.

२. कापसाची काडी कोमट पाण्यात बुडवून पिळून घ्यावी. कडेचा एक छोटा भाग निवडून त्यावर ती गोल फिरवावी.

३. काडी काळी झाली की बदलावी. तीच काडी पुढे फिरवली, तर काढलेला टार दुसरीकडे पसरतो.

४. थर हट्टी असेल, तर ओलसर कापडाचा तुकडा त्यावर अर्धा-एक मिनिट ठेवून तो मऊ होऊ द्यावा. घासण्याचा जोर वाढवण्यापेक्षा हे अधिक उपयोगी ठरतं.

५. कड मुद्दाम खडबडीत घडवलेली असेल, तर मऊ दात-ब्रश वापरावा. तारेची घासणी नको.

६. शेवटी कोरड्या कापडाने पुसून पाइप एक दिवस हवेशीर जागी ठेवावा.

एका बैठकीत सगळं निघेल अशी अपेक्षा ठेवू नये. वर्षानुवर्षांचा थर चार-पाच दिवस थोडा थोडा काढला, तर खालचा रंग टिकतो.

पाइप ओढणाऱ्यांमध्ये कड थुंकीने पुसण्याची जुनी पद्धत आहे. ती ऐकायला विचित्र वाटते, पण लाळेने वस्तू साफ करण्याला संशोधनाचा आधार आहे. पाउला रोमाओ, अदीलिया अलार्काओ आणि सेझर व्हियाना या पोर्तुगीज संशोधकांनी मळलेल्या पृष्ठभागांवर लाळ किती चांगलं काम करते हे मोजलं होतं. त्या कामाला २०१८ मध्ये रसायनशास्त्राचं इग्नोबेल पारितोषिक मिळालं. लाळेतलं अमायलेज हे विकर त्यात महत्त्वाचं ठरलं होतं. अमायलेज पिष्टमय पदार्थ तोडतं आणि टार हा पिष्टमय पदार्थ नाही. त्यामुळे पाइपच्या बाबतीत फायदा मुख्यतः सौम्य, कोमट ओलाव्याचा आणि तो अगदी कमी प्रमाणात वापरला जाण्याचा आहे. स्वतःच्या रोजच्या पाइपला ही पद्धत चालते. दुसऱ्याच्या किंवा जुन्या पाइपला कोमट पाणीच बरं आणि टार लागलेली काडी पुन्हा तोंडात घालू नये.

काय करू नये?

स्पिरिट किंवा सॅनिटायझर: अनेक पाइपांना लाखेचं पॉलिश असतं. जुन्या फर्निचरला असतं तसंच. ते अल्कोहोलमध्ये विरघळतं, सोबत खालचा रंगही उतरतो आणि कडेभोवती पांढुरका पट्टा उरतो.

नेलपॉलिश रिमूव्हर: त्यातल्या अ‍ॅसिटोनने पॉलिश जातं आणि अ‍ॅक्रिलिकची नळीही खराब होते.

पाण्यात भिजवणं: लाकूड फुगतं, सांधा बिघडतो.

तेलाचा हात: खोबरेल तेल लावल्यावर कड चमकते खरी, पण तेल लाकडात मुरून रंग आणखी गडद करतं आणि गरम झाल्यावर चिकट थर सोडू शकतं.

ऑक्झॅलिक आम्ल: काही दुरुस्ती करणारे डाग फिका करण्यासाठी ते वापरतात. ते विषारी आहे आणि ही वस्तू तोंडात धरायची असते. घरी हा प्रयोग करू नये.

चमक परत आणण्यासाठी कार्नोबा मेण वापरतात. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांपासून मिळणारं हे मेण सुमारे ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळतं, तर मधमाशीचं मेण त्याच्या बरंच आधी. कड सर्वांत जास्त तापते, म्हणून तिथली चमक आधी जाते. तेव्हा कड फक्त निस्तेज दिसत असेल, तर तिला सफाईची नाही, मेणाची गरज असते.

कड खरोखर करपली असेल तर?

टार निघाल्यावरही काळा डाग उरला, तर दोन मार्ग उरतात. पहिला, तो तसाच ठेवणं. वरवरचा डाग पाइपच्या वापरात काही अडथळा आणत नाही.

दुसरा मार्ग कड घासून सपाट करण्याचा. सपाट काचेवर किंवा फरशीवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर पाइप उलटा धरून गोल फिरवतात. २२० नंबरने सुरुवात करून पुढे ४०० आणि ६०० असे बारीक पेपर वापरतात. मग कडेला रंग आणि मेण द्यावं लागतं. यात वाटीची उंची कमी होते, गोलाई दिलेली कड सपाट होते आणि पाइपची प्रमाणं बदलतात. कारागिराने वाटीची रेषा जिथे संपवली होती, ती जागाच उरत नाही. संग्राहक अशा पाइपला कमी किंमत देतात. म्हणून हा उपाय खोल करपलेल्या किंवा तुटक्या कडेसाठी, शक्यतो जाणकाराकडून आणि शेवटचा पर्याय म्हणूनच करावा.

वारसाने आलेला पाइप असेल, तर काहीही करण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढावेत आणि दांड्यावरचा छाप वाचून ठेवावा. घासताना तो छापही पुसट होतो आणि पाइप कुणी बनवला हे सांगणारा बहुधा तोच एक पुरावा असतो.

इतर प्रकारचे पाइप

मीरशॉम: हा पांढरा, हलका दगड सेपिओलाइट नावाचं खनिज आहे आणि तुर्कस्तानातलं एस्किशेहिर त्यासाठी प्रसिद्ध आहे. वापरासोबत हा पाइप पांढऱ्याचा सोनेरी-तपकिरी होतो आणि तेच त्याचं सौंदर्य मानलं जातं. तो घासू नये, भिजवू नये. कोरडं मऊ कापड पुरतं.

मक्याच्या कणसाचा: अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात वॉशिंग्टन या गावी मिसुरी मीरशॉम ही कंपनी १८६९ पासून असे पाइप बनवते. ते स्वस्त असतात, कड लवकर करपते आणि फार खराब झाल्यावर लोक सरळ नवा घेतात.

मातीचा: जुन्या काळी इंग्लंडमध्ये पांढऱ्या मातीचे पाइप लोखंडी चौकटीत ठेवून भट्टीत तापवत आणि काजळी जाळून टाकत. माती आधीच भाजलेली असल्यामुळे तिला आगीचं भय नसतं. आपल्याकडची मातीची चिलीमही याच जातीतली. मातीला स्वच्छ करणारी ही आग ब्रायरला मात्र कायमचा डाग देते.

आरोग्याचं काय?

कडेवरून काडीवर येणारा तो काळा, चिकट पदार्थ तोंडात, ओठांवर आणि घशातही बसत असतो. पाइपचा धूर छातीत ओढला नाही तरी तोंड, ओठ, घसा आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका असतो. पाइप ओढणं आणि ओठांचा कर्करोग यांचा संबंध जर्मन वैद्य सॅम्युएल टॉमस फॉन झ्योमेरिंग यांनी १७९५ मध्येच नोंदवला होता. कड स्वच्छ ठेवल्याने लाकूड टिकतं, धूर सुरक्षित होत नाही. जुना पाइप आठवण म्हणून जपायचा असेल, तर तो साफ करून, मेण लावून काचेच्या कपाटात ठेवणं हा उत्तम उपयोग आहे. सफाईनंतर हात साबणाने धुवावेत आणि वापरलेल्या काड्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा टाकाव्यात.

थोडक्यात

ओल्या काडीवर डाग येतोय, तोवर सफाई चालू ठेवावी. काडी स्वच्छ येऊ लागली की थांबावं. त्यानंतर जे काळं दिसतं ते लाकूड आहे आणि ते काढलं तर परत येत नाही.